घरचा स्टुडिओ आणि क्रॅकचे सॉफ्टवेअर

ध्वनिमुद्रणाविषयीच्या या सदराकडे गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरतात : क्रॅक, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडून फुकट वाटलेले सॉफ्टवेअर. म्हणून या वेळी मायक्रोफोन, स्पीकर आणि खोलीच्या घुमण्याबद्दलचे प्रश्न बाजूला ठेवून ही सहा पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत. का छापली नाहीत, हे पत्रे वाचल्यावर सांगावे लागणार नाही.

प्रश्न : मी घणसोली गावात राहतो आणि हळदीची गाणी व कोळीगीते करतो. दोन वर्षांपूर्वी मित्राच्या पेनड्राइव्हवरून एफएल स्टुडिओ या गाणी करण्याच्या सॉफ्टवेअरचे क्रॅक व्हर्जन आणि त्याला जोडायचे चाळीस-पन्नास प्लगइन (वाद्ये आणि इफेक्ट) टाकून घेतले. गेले चार महिने लॅपटॉप काहीही न करता तापतो, पंखा ओरडतो आणि पंधरा-सोळा ट्रॅक झाले की आवाज तडतडू लागतो. दुकानदार रॅम वाढवायला सांगतो. लगीनसराई तोंडावर आली आहे. रॅम वाढवू की नवा लॅपटॉप घेऊ?

उत्तर : निदान पुढचे आठ दिवस तरी यांपैकी काहीही करू नका. तडतड रॅम अपुरी पडल्याने होते, बफर, म्हणजे ध्वनी तात्पुरता साठवण्याची जागा, फार लहान ठेवल्यानेही होते आणि पंख्यात धूळ साचली तर लॅपटॉप तापतोही. पण तुमच्या पत्रातील ‘काहीही न करता’ हे तीन शब्द मला पुढे जाऊ देत नाहीत. रॅम कमी असलेला संगणक काम सांगितल्यावर कुरकुरतो. काम नसताना धापा टाकणारा संगणक बहुधा दुसऱ्या कोणाचे तरी काम करत असतो.

हा नुसता तर्क नाही. जून २०१९ मध्ये ईसेट या स्लोव्हाकियातील संगणक-सुरक्षा कंपनीने ‘लाउडमायनर’ नावाच्या एका घुसखोर प्रोग्रामची माहिती प्रसिद्ध केली. तो केवळ संगीतनिर्मितीच्या क्रॅक सॉफ्टवेअरमधून पसरवला जात होता. ज्या एका संकेतस्थळावरून तो वाटला जात होता तेथे अशा १३७ वस्तू सापडल्या, त्यांपैकी ४२ विंडोजसाठी आणि ९५ मॅकसाठी होत्या. एबलटन लाइव्ह, रिझन, सिलेंथ, नेक्सस, ऑटो-ट्यून अशी तुमच्या ओळखीची नावे त्यांत होती. मागितलेले सॉफ्टवेअर खरोखर मिळत असे आणि चालतही असे, म्हणून कोणाला संशय येत नसे. त्याच्याबरोबर मात्र एक संपूर्ण आभासी संगणक गुपचूप बसवला जाई, त्यात एक चिमुकले लिनक्स चाले आणि ते लिनक्स दिवसरात्र ‘मोनेरो’ या आभासी चलनाची आकडेमोड करी. चलन जमा होई दुसऱ्याच्या खात्यात. विजेचे बिल आणि झिजलेला प्रोसेसर मालकाच्या वाट्याला येई. चोरांनी संगीतकारच का निवडले, याचे ईसेटने दिलेले कारण मला फार बोलके वाटते. गाणी करणाऱ्याचा संगणक ताकदवान असतो आणि प्रोसेसर सतत भरलेला दिसला तरी त्याला त्यात वावगे वाटत नाही. तो प्लगइन जास्त झाले असे समजतो आणि रॅम घ्यायला जातो.

तुमच्याकडेही हेच झाले आहे, असे पत्रावरून सांगता येणार नाही, पण तपासता येईल. संगणक चालू करा, काहीही उघडू नका आणि अर्धा तास पंख्याकडे कान द्या. कोणता प्रोग्राम किती ताकद खातो हे दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून आकडे पाहणे हा सर्वांना ठाऊक असलेला उपाय आहे, पण त्यावर संपूर्ण विसंबू नका. २०२३ मध्ये जॅम्फ या कंपनीने मॅकवरील फायनल कट प्रो या व्हिडिओ-संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या क्रॅकमध्ये पकडलेला असाच एक प्रोग्राम दर तीन सेकंदांनी पाहत असे की मालकाने ॲक्टिव्हिटी मॉनिटर, म्हणजे मॅकवरचा टास्क मॅनेजर, उघडला आहे का, आणि उघडलेला दिसताच स्वतःला बंद करत असे. म्हणजे दार उघडताच उंदीर गप्प. पंख्याला मात्र असे सोंग चटकन आणता येत नाही. टास्क मॅनेजर उघडल्यावर पंखा हळूहळू शांत होत असेल आणि बंद केल्यावर पुन्हा चढत असेल, तर दुकानदाराकडे जाण्याचे कारण उरत नाही.

आता थोडे मागे जाऊ. तो पेनड्राइव्ह लावला तेव्हा त्याबरोबर एक छोटी मजकूर-फाइल असणार आणि तिच्यातील पहिली सूचना अशी असणार, की अँटिव्हायरस बंद करा आणि प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. क्रॅकचा खरा धोका या एका ओळीत आहे. इतर घुसखोरांना कुलूप तोडून आत यावे लागते. येथे आपण कुलूप स्वतः काढतो, किल्ली हातात देतो आणि वर ‘अँटिव्हायरस उगाच ओरडतो, तो खोटा इशारा आहे’ अशी स्वतःची समजूत घालतो. कधी कधी तो इशारा खरोखर खोटाही असतो. क्रॅकचे कामच दुसऱ्या प्रोग्रामची मोडतोड करण्याचे असल्यामुळे निरुपद्रवी क्रॅकसुद्धा अँटिव्हायरसला व्हायरससारखा दिसतो. पण यामुळे निरुपद्रवी आणि विषारी यांत फरक करण्याचे तुमच्याकडचे एकमेव साधन निकामी होते, आणि विष कालवणाऱ्याला नेमके तेच हवे असते. शिवाय प्लगइन म्हणजे टोन किंवा प्रीसेट नव्हे, हे ऑक्टोपॅडच्या पॅचची देवाणघेवाण करणाऱ्या आपल्या मंडळींनी लक्षात घ्यावे. प्लगइन हा पूर्ण प्रोग्राम असतो आणि मुख्य सॉफ्टवेअरला जे अधिकार असतात ते सगळे त्याला मिळतात. तुमच्याकडे असे चाळीस-पन्नास अनोळखी प्रोग्राम आहेत. (जाता जाता, जुन्या कीजेनमध्ये, म्हणजे खोटे परवाना-क्रमांक बनवणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, वाजणाऱ्या त्या चिमुकल्या धुना खरोखर चांगल्या रचलेल्या असत. पण चोराची शीळ सुरेल असली म्हणून कोणी दार उघडे ठेवत नाही.)

लगीनसराई पाहता क्रम असा ठेवा. हातातल्या प्रत्येक गाण्याचा प्रत्येक ट्रॅक स्वतंत्र वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढा. सगळे ट्रॅक शून्यापासून सुरू होतील असे पाहा आणि गाण्याची लय व पट्टी एका वहीत लिहून ठेवा. कोणता सूर केव्हा वाजला याची नोंद असलेल्या मिडी फाइलीही काढा. या वेव्ह, मिडी आणि प्रोजेक्ट फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. इन्स्टॉलर, प्लगइन आणि मित्राच्या पेनड्राइव्हमधील काहीही तिच्यावर जाऊ देऊ नका, कारण फॉरमॅट करून तेच पुन्हा टाकणारे लोक मी पाहिले आहेत. मग विंडोज नव्याने बसवा. एफएल स्टुडिओ तुमच्या हाताला बसले असेल, तर ते बनवणाऱ्या बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीच्या संकेतस्थळावरून चाचणी आवृत्ती घ्या. तिच्यात जतन केलेले प्रोजेक्ट पुन्हा उघडत नाही, पण गाणे वेव्ह किंवा एमपीथ्री म्हणून बाहेर काढता येते, आणि पुढे परवाना घेतल्यावर ती जतन केलेली प्रोजेक्ट पूर्ण उघडतात. एकदा घेतलेल्या परवान्यावर पुढच्या सगळ्या आवृत्त्या विनामूल्य मिळतात, हे या कंपनीचे जुने धोरण आहे. दोन-तीन हळदीच्या सुपाऱ्यांत सर्वांत लहान आवृत्तीचा परवाना निघू शकेल, असा माझा अंदाज आहे. मात्र गायकाचा आवाज घ्यायचा असेल, तर तिच्यात ध्वनिमुद्रणाची सोय पुरेशी आहे का, हे आधी पाहावे.

प्रश्न : आम्ही नौपाड्यात राहतो. माझा मुलगा महाविद्यालयात शिकतो आणि एकांकिकांना संगीत देतो. घरात एकच संगणक आहे. त्यावर मी बँकेचे व्यवहार करते आणि गेल्या पंधरा वर्षांचे कौटुंबिक फोटोही त्यातच आहेत. मुलाने त्यावर क्रॅकचे सॉफ्टवेअर टाकल्याचे मला नुकतेच कळले. तो म्हणतो, बँकेला ओटीपी लागतो, त्यामुळे काही होणार नाही. त्याचे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : अर्धे बरोबर आहे, आणि उरलेले अर्धे महागात पडू शकते. पैसे पाठवताना लागणारा ओटीपी आपल्या फोनवर येतो, ही जमेची बाजू खरी. परंतु क्रॅकमधून येणाऱ्या घुसखोरांचा एक मोठा वर्ग पैशांना हात न लावता फक्त माहिती उचलतो. रेडलाइन, रॅकून, विडार ही त्यांतील कुप्रसिद्ध नावे आहेत. ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड, कार्डांचे तपशील आणि ‘कुकी’ नावाच्या छोट्या नोंदी ते काही क्षणांत गोळा करून पाठवून देतात. आपण एकदा ईमेल उघडले की दर वेळी पासवर्ड विचारला जात नाही, तो या कुकीमुळे. नाट्यगृहात मध्यंतरात बाहेर गेलेल्या प्रेक्षकाला परत येताना अर्धे तिकीट दाखवले की सोडतात, तशी ती असते. ती ज्याच्या हाती पडते त्याला पासवर्डही विचारला जात नाही आणि ओटीपीही. अनेकांची यूट्यूब चॅनेले आणि ईमेल खाती याच मार्गाने जातात. ईमेल गेले की इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याची किल्लीही गेली.

फोटोंची काळजी वेगळी आहे. ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ या नावाने ओळखले जाणारे खंडणीखोर प्रोग्राम प्रामुख्याने क्रॅकमधूनच घरगुती संगणकांवर पसरले. ते फोटो पुसत नाहीत, तर कुलूपबंद करतात आणि किल्लीसाठी पैसे मागतात. संगणकाला कायम जोडून ठेवलेली हार्ड डिस्कही त्यांच्या तावडीतून सुटत नाही. म्हणून फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर आजच घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा.

पुढच्या पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पासवर्ड बदलायचेच आहेत, पण या संगणकावरून बदलू नका. नवे पासवर्डही त्याच वाटेने जातील. आपल्या फोनवरून आधी ईमेलचा आणि मग बँकेचा पासवर्ड बदला, आणि ईमेलच्या सुरक्षा-विभागात जाऊन इतर सर्व उपकरणांवरून बाहेर पडण्याचा पर्याय निवडा, म्हणजे चोरीला गेलेल्या कुकी निरुपयोगी होतील. त्यानंतर संगणक फॉरमॅट करावा. खात्यातून पैसे गेल्याचे दिसले, तर बँकेला कळवण्याबरोबरच १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर तत्काळ फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

मुलासाठी त्याच संगणकावर वेगळे खाते उघडून देणे पुरेसे नाही, कारण क्रॅक बसवताना ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार मागितला जातो आणि तो दिला की खात्यांमधल्या भिंती उरत नाहीत. आणि त्याला रागावू नका, अशी माझी विनंती आहे. एकांकिकेच्या तालमीत रात्री दोन वाजता ‘हे घे, चालते’ म्हणून कोणी तरी पेनड्राइव्ह पुढे करतो, तेव्हा नाही म्हणणे सोपे नसते. शेवटच्या पत्राच्या आधीचे उत्तर त्याला वाचायला द्या.

प्रश्न : कोपरखैरण्यात एका गृहस्थांनी घरी येऊन दोन हजार रुपयांत ‘सगळे फुल व्हर्जन’ टाकून दिले. मी पैसे दिले आहेत, तेव्हा माझे सॉफ्टवेअर अधिकृतच झाले ना?

उत्तर : नाही. तुम्ही त्या गृहस्थांच्या येण्याजाण्याचे पैसे दिलेत. परवाना ओळखायची खूण सोपी आहे: सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या ईमेलने उघडलेल्या खात्यात त्या सॉफ्टवेअरची नोंद दिसली पाहिजे. ती नसेल, तर पावती असली तरी परवाना नाही, आणि लाखोंचा माल दोन हजारांत देणाऱ्याने पावती दिली असेल असेही वाटत नाही. ‘अपडेट करू नका, इंटरनेट बंद ठेवून वापरा’ असे त्यांनी सांगितले असेल, तर शंकेला जागाच उरत नाही.

प्रश्न : पाचपाखाडीत आमचा छोटा स्टुडिओ आहे. जिंगल, नाटकांचे पार्श्वसंगीत आणि मालिकांची कामे आम्ही करतो. चार संगणकांपैकी एकावरच परवानाधारक सॉफ्टवेअर आहे. कायद्याने आम्ही कुठे उभे आहोत, आणि आतापर्यंत केलेल्या गाण्यांवरचा आमचा हक्क जातो का?

उत्तर : भारताच्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या अधिनियमात, संगणक प्रोग्राम ही ‘साहित्यकृती’ मानली आहे. तुमच्याशी थेट संबंध येतो तो कलम ६३ ब चा. अनधिकृत प्रत आहे हे ठाऊक असूनही जो ती संगणकावर वापरतो, त्याला किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा त्यात आहे. प्रत विकणेच नव्हे, नुसते वापरणेही येथे गुन्हा ठरते, याकडे लक्ष द्या. वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायासाठी नसेल, तर विशेष कारणे नोंदवून न्यायालय कैद टाळू शकते आणि पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर थांबू शकते. घरी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला या सवलतीचा आधार मिळू शकेल. जिंगलचे बिल लावणाऱ्या स्टुडिओला तो मिळणे कठीण आहे. याखेरीज २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ अ आहे. ते हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलपे तोडण्याविषयी आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. प्रत्यक्ष नोटीस आली, तर मात्र मासिकातील सदर पुढे न करता वकील गाठावा.

गाण्यांबद्दल धीर देता येईल. चोरीच्या पेटीवर बसवलेली चाल पेटीच्या मालकाची होत नाही. क्रॅकमध्ये केलेली रचना तुमचीच राहते. पण येथे एक पोटभेद आहे आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. चोरलेले सॉफ्टवेअर गाण्याच्या बाहेर राहते, चोरलेले सॅम्पल, म्हणजे आधी ध्वनिमुद्रित केलेला वाद्याचा तुकडा, मात्र गाण्याच्या आत जाऊन बसते. क्रॅक केलेल्या लायब्ररीतील सनई किंवा तबल्याचा लूप हे दुसऱ्याने केलेले ध्वनिमुद्रण आहे आणि ते वापरण्याची अनुमती परवान्यातूनच मिळते. परवाना नसेल, तर गाणे जिथे जिथे वाजेल तिथे तिथे तो दोष त्याच्याबरोबर जातो. ‘यातील सर्व सामग्रीचे हक्क आमच्याकडे आहेत’ अशी हमी मालिकेच्या करारावर सही करून देताना हे आठवावे. काही कंपन्या खरेदीदारागणिक लायब्ररीच्या फाइलींत न ऐकू येणारी खूणही घालतात.

खुणा सॉफ्टवेअरही मागे ठेवते. २००४ मध्ये एका जर्मन संगणक-मासिकाने दाखवून दिले, की खुद्द विंडोज एक्सपीबरोबर येणाऱ्या काही वेव्ह फाइलींच्या पोटात ‘डीपझोन’ हे नाव नोंदलेले आहे. हे नाव होते साउंड फोर्ज ४.५ या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक काढणाऱ्याचे. जगातील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीला तिच्यासाठी कोणी तरी काम करताना क्रॅक वापरला हे कळले नाही, आणि ते काम लाखो संगणकांवर गेले. तुमच्या सहायकांच्या तीन संगणकांचे काय, याचा अंदाज करा.

व्यावसायिकाला कायद्यापेक्षाही लवकर गाठणारी गोष्ट म्हणजे काम अडणे. काही कंपन्या परवान्याची तपासणी एकाच ठिकाणी न ठेवता सॉफ्टवेअरच्या आत खोलवर विखुरतात. क्रॅक काढणाऱ्याला वरवरच्या तपासण्या सापडतात, आतल्या नंतर जाग्या होतात. बर्लिनच्या यू-ही या सिंथ (संगणकावर ध्वनी घडवणारी वाद्ये) बनवणाऱ्या कंपनीची ही खोड आमच्या व्यवसायात सर्वश्रुत आहे. क्रॅक आधी नीट चालतो आणि पुढे केव्हा तरी सूर गाळू लागतो. मी स्वतः हे भोगले आहे. वीस-एक वर्षांपूर्वी एका रस्त्यावरच्या स्टॉलवर मिळालेल्या सीडीतील सॉफ्टवेअरवर मी एका नाटकाचे पार्श्वसंगीत केले. गडकरी रंगायतनमधील प्रयोगाच्या आदल्या दिवशी दिग्दर्शकांनी दुसऱ्या अंकातील एक तुकडा चार सेकंदांनी कमी करायला सांगितला. प्रोजेक्ट उघडले, पण त्यातील रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला घुमारा देणारा प्लगइन, प्रत्येक वेळी सहाव्या-सातव्या मिनिटाला सगळेच बंद पाडू लागला. कंपनीकडे विचारायची सोय नव्हती, कारण मी तिचा ग्राहकच नव्हतो. शेवटी आधी बाहेर काढलेला जुनाच तुकडा वाजला आणि ती चार सेकंदे रंगमंचावर एक नट नुसता उभा राहिला. प्रेक्षकांना तो अभिनय वाटला. दिग्दर्शकांना वाटला नाही.

चारही संगणक एकदम सरळ करायला पैसे लागतील, म्हणून आधी उतरती भाजणी लावा. ज्या संगणकावर ग्राहकाचे अंतिम काम होते तो आधी, सराव आणि संपादनाचा शेवटी. एका परवान्यावर किती संगणक चालतात, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. एबलटन एका वापरकर्त्याला दोन संगणकांवर अनुमती देते, पण ती एका माणसासाठी असते, दोन खुर्च्यांवर बसलेल्या दोघांसाठी नव्हे. प्लगइनच्या बाबतीत कठोर व्हा. गेल्या दहा कामांची प्रोजेक्ट उघडून प्रत्यक्षात कोणते प्लगइन वापरले ते लिहून काढा. साठांपैकी सात-आठच निघतील, आणि त्यांपैकी निम्म्यांची कामे मुख्य सॉफ्टवेअरमध्येच असलेल्या साधनांनी होतात.

प्रश्न : मी ऐरोलीला राहतो, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि जुने मॅकबुक वापरतो. मॅकला व्हायरस लागत नाही, त्यामुळे माझ्यासाठी धोका कमी आहे असे मला वाटते. शिवाय मोठमोठ्या संगीतकारांनीही क्रॅकवरच सुरुवात केली असे ऐकतो. विद्यार्थ्याने पैसे आणायचे कुठून?

उत्तर : मॅकबद्दलचा समज आधी सोडा. वर सांगितलेल्या १३७ पैकी ९५ वस्तू मॅकसाठीच होत्या. २०२० च्या उन्हाळ्यात ‘इव्हिलक्वेस्ट’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम मॅकवर आला, तोही एबलटन लाइव्ह आणि मिक्स्ड इन की या संगीताच्या सॉफ्टवेअरच्या क्रॅकमध्ये बसून. तो फाइली चोरायचा, मग कुलूपबंद करायचा आणि बिटकॉइनमध्ये ५० डॉलर मागायचा. गंमत अशी, की सगळ्यांना पैसे भरण्याचा पत्ता एकच दिलेला होता आणि संपर्कासाठी ईमेलही नव्हता. म्हणजे पैसे कोणी भरले हे मागणाऱ्यालाच कळण्याची सोय नव्हती. विंडोजवर जे काम ‘अँटिव्हायरस बंद करा’ ही ओळ करते, तेच मॅकवर टर्मिनल या लेखी आज्ञा देण्याच्या खिडकीत चिकटवायला सांगितलेली आज्ञा करते. तिने अनोळखी प्रोग्राम अडवणारे गेटकीपर नावाचे संरक्षण उठते.

मोठ्यांच्या सुरुवातीबद्दल वाद घालत नाही. काहींनी केली असेलही. पण तेव्हा पर्याय थोडे होते आणि आज तुमच्याकडे ते आहेत, एवढाच माझा मुद्दा आहे. मॅकवर गॅरेजबँड हे ॲपलचे संगीताचे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि पुढे लॉजिक प्रो घेतले तर गॅरेजबँडचे प्रोजेक्ट त्यात जसेच्या तसे उघडते. सोळा ट्रॅकच्या गाण्याला गॅरेजबँड कमी पडते असे म्हणणाऱ्याला मी आधी ते गाणे ऐकवायला सांगतो. अविड कंपनीने २०२२ मध्ये आपल्या प्रो टूल्स या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरची इंट्रो ही आवृत्ती विनामूल्य दिली. त्यात ट्रॅकची संख्या आठ ध्वनी, आठ वाद्ये, आठ मिडी अशी मर्यादित आहे, पण मोठ्या स्टुडिओत जाऊन काम करायचे असेल तर हात तेथेच बसवावा. ट्रॅक्शनचे वेव्हफॉर्म फ्री आणि मुक्तस्रोत असलेले एलएमएमएस हेही आहेत. सिंथमध्ये व्हायटलची विनामूल्य आवृत्ती आणि सर्ज एक्सटी घ्या. ज्या महागड्या सिंथचे क्रॅक लोक शोधत फिरतात त्यांची बहुतेक कामे या दोहोंत होतात. वाद्यांच्या ध्वनींसाठी स्पिटफायरचे लॅब्ज आहे. आपल्या वाद्यांसाठी मात्र फुकट आणि चांगले असे फारसे नाही, हे कबूल केले पाहिजे. त्यापेक्षा ठाण्यात किंवा नवी मुंबईत तबला शिकणारा मित्र शोधा आणि एका दुपारी त्याचे ठेके स्वतः ध्वनिमुद्रित करा. ते लूप तुमचेच असतील आणि दुसऱ्या कोणाच्या गाण्यात ऐकू येणार नाहीत.

मला वैयक्तिकरीत्या रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर आवडते. ते लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकेल यांनीच पूर्वी गाणी वाजवणारे विनॅम्प लिहिले होते. ६० दिवस ते पूर्ण क्षमतेने तपासून पाहता येते, आणि वैयक्तिक वापरासाठी किंवा वर्षाला २० हजार डॉलरपेक्षा कमी मिळकत असलेल्या व्यवसायासाठी परवाना ६० डॉलरला, म्हणजे पाच हजार रुपयांच्या आसपास मिळतो. साठ दिवसांनंतरही ते उघडत राहते आणि फक्त आठवण करून देते, म्हणून बरेच जण ती आठवण वर्षानुवर्षे बाजूला सारतात. तोही परवाना नव्हे. काही प्लगइन हप्त्यांवर मिळतात आणि हप्ते संपले की कायमचे तुमचे होतात. सिरम हा तेव्हा १८९ डॉलर किंमत असलेला सिंथ २०१६ मध्ये महिना ९.९९ डॉलर अशा हप्त्यांवर मिळू लागला, तेव्हापासून ही पद्धत रुळली. महाविद्यालयाचे ओळखपत्र असेल, तर बऱ्याच कंपन्या विद्यार्थी-सवलतही देतात.

एक शेवटची गोष्ट. तुमच्याकडे किंवा तुमच्या मित्राकडे साउंड कार्ड असेल, तर त्याचे खोके शोधा. फोकसराइट स्कार्लेटबरोबर एबलटन लाइव्ह लाइट आणि स्टाइनबर्गच्या यूआर मालिकेबरोबर क्यूबेस एआय यांचे परवाने येतात. साउंड कार्डाची नोंदणी केली की ते तुमच्या खात्यात जमा होतात. ज्यांच्याकडे एबलटनचा क्रॅक आहे आणि ज्यांच्या माळ्यावरच्या खोक्यात एबलटनचा न वापरलेला परवाना पडून आहे, असे किमान चार जण मला माहीत आहेत.

प्रश्न : वाशीतील आमच्या भजनी मंडळाचे अभंग ध्वनिमुद्रित करून सभासदांना पाठवायचे आहेत. पेटी, मृदंग, टाळ आणि आवाज, एवढेच. नातू म्हणतो त्यासाठी मोठे सॉफ्टवेअर लागेल आणि तो कुठून तरी आणून देईल.

उत्तर : नातवाला आणू देऊ नका. आपल्या कामाला ऑडॅसिटी पुरेसे आहे. ते मुक्तस्रोत आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. मात्र नाव शोधल्यावर सर्वांत वर दिसणाऱ्या जाहिरातीवर न जाता ते त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावे, कारण विनामूल्य सॉफ्टवेअरच्या नावाने भलतेच देणारी नकली पाने असतात. ध्वनिमुद्रण करताना मायक्रोफोन टाळांपासून दूर आणि गाणाऱ्यांच्या जवळ ठेवा; टाळ मागून सॉफ्टवेअरने कमी करणे फार अवघड असते.